खंडेनवमीचं फोल्डर

१

भिवंडीत शटर पूर्ण उघडायचं नसतं, हे केसरीनाथ भोईर गाळा घेतला त्याच वर्षी शिकला. पूर्ण उघडलं की गल्लीतल्या लूमचा कापूस उडत येऊन टेबलावर बसतो. पूर्ण लावलं की लोक म्हणतात, पेपर बंद पडला वाटतं. म्हणून साप्ताहिक ‘खाडीपट्टा’च्या कचेरीचं शटर कायम अर्ध्यावर. आत बसलेल्याला बाहेरच्या माणसाचे फक्त पाय दिसायचे, आणि केसरीनाथला पायांवरून माणूस ओळखायची सवय लागली होती. कडक इस्त्रीची पँट आणि तपकिरी बूट दिसले की तो आतूनच गरजे, “साहेब, चुकीचं छापलं असेल तर लेखी द्या! तोंडी ऐकायला मी बसलेलो नाही!”

लोकही त्याला पायांवरूनच ओळखत. उजव्या चपलेचा तुटलेला अंगठा त्याने लूमच्या हिरव्या धाग्याने स्वतः शिवला होता. “नवीन घ्या की आता,” असं मुलगी उन्नती दर महिन्याला म्हणायची. “ही चालते तोवर चालणार,” हे त्याचं उत्तर ठरलेलं.

त्या दुपारी शटरखाली रबरी चपला आल्या. टाचांना भेगा, निळ्या साडीचा विटलेला काठ. हे पाय ओरडून परतवता येण्यासारखे नव्हते.

“ये गो रुचिका.”

अंबाडीच्या आतल्या गावावरून ती दोन गाड्या बदलून आली होती. पाणीसुद्धा न पिता बोलली, “दादा, तारीख लागली हाय. दसरा झाला का लगेच. वकील बोलतो, फोटो न्हाय भेटला तं केस बंद करून टाकतील.”

केसरीनाथने पाण्याचा ग्लास पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

सहा वर्षांपूर्वी नवरात्रात दापोड्याचं एक गोदाम जळालं. आत झोपलेले दोन हमाल गेले. त्यातला एक रुचिकाचा नवरा, मनोज. सरकारी कागदावर ‘शॉर्ट सर्किट, अपघाती मृत्यू’ असे चार शब्द लिहून सगळे घरी जेवायला गेले. पण आग विझताच तिथे पोचलेला पहिला पत्रकार केसरीनाथ होता. त्याने शटर पाहिलं. फोर्कलिफ्टची धडक बसून बाहेरून बघताना उजव्या कोपऱ्यात वर वाकलेलं, धुराने काळं झालेलं. आणि त्याला बाहेरून लावलेलं कुलूप. माणसं आत, कुलूप बाहेर. त्याने त्याचे फोटो काढले. अंक दसऱ्यानंतर निघायचा होता. पान लावायला बसले तेव्हा फोटो कॅमेऱ्याच्या कार्डात नव्हते, कॉम्प्युटरवर नव्हते, कुठेच नव्हते. दरम्यान शटर भंगारात कापलं गेलं होतं. केसरीनाथने फोटोशिवाय बातमी छापली, कारण कुलूप त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मालकाच्या वकिलाची नोटीस आली, आणि ‘खाडीपट्टा’ला पहिल्या पानावर खुलासा छापावा लागला. आयुष्यात छापलेला एकच खुलासा. तो त्याला अजून पाठ होता.

“कुठंतरी असंल ना, दादा? एक तरी?” रुचिकाने विचारलं.

“असेल,” तो म्हणाला. “शोधतो.”

२

शोधायचं म्हणजे काय, हे कपाटातल्या जुन्या हार्ड डिस्क पाहिल्यावर उन्नतीच्या लक्षात आलं. तीस वर्षांची पत्रकारिता, आणि शिस्त म्हणाल तर शून्य. कॅमेऱ्याचं कार्ड भरलं की काय आहे ते न बघता अख्खं डिस्कवर ओतायचं, एवढीच पद्धत. हजारो फोटो, सगळ्यांची नावं तीच तीच. गटारं, खड्डे, मोर्चे, पाडलेल्या इमारती, मंत्र्यांची फीत कापणारी बोटं, सगळं एका ढिगात.

“हे हाताने बघायला बसलात तर पुढच्या दसऱ्याला उठाल,” ती म्हणाली. “मी स्क्रिप्ट लिहिते.”

“म्हणजे?”

“न थकणारा हमाल समजा. प्रत्येक फोटो उचलणार, तो कधी काढला ती तारीख फोटोच्या पोटात नोंदलेली असते ती बघणार. वर्षाचं फोल्डर, त्यात महिन्याचं, त्यात दिवसाचं, तिथे नेऊन ठेवणार. आगीचा दिवस आपल्याला माहीत आहे. त्या दिवसाचं फोल्डर उघडलं की झालं.”

ती दापोड्याच्याच एका मोठ्या गोदामाच्या कॉम्प्युटर विभागात होती. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाच्या नोंदी जागेवर लावायच्या हेच तिचं काम. सुट्टीच्या दिवशी तिने बापाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, डिस्क जोडल्या आणि स्क्रिप्ट चालू केली. काळ्या पडद्यावर ओळी वर सरकायला लागल्या. बाहेर लूम खडखडत होते, आत डिस्क घरघरत होती. केसरीनाथला वाटलं, कोणीतरी त्याचं आयुष्य एकेक करून उचलतंय आणि ठप्प करून खाली ठेवतंय.

संध्याकाळच्या आत काम उरकलं. वर्षं रांगेत उभी राहिली. उन्नतीने २०१९ उघडलं, त्यातला ऑक्टोबर उघडला. आगीच्या दिवसाचं फोल्डर नव्हतं. त्यानंतरच्या दिवसाचंही नव्हतं.

“पुसणाऱ्याने मुळापासून पुसलंय,” ती हळूच म्हणाली. मग थांबली. “बाबा, सात तारखेचं आहे पण.”

“सातला मी काहीच काढलं नव्हतं.”

“आहे ना. हे बघा.”

३

फोटो कचेरीचा होता. हाच गाळा, हेच टेबल, हीच खुर्ची. पण जमिनीपासून वीतभर उंचीवरून काढलेला, मांडी घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्याच्या पातळीवरून म्हणा. खालच्या कडेला केशरी काहीतरी धूसर पसरलेलं.

“झेंडू,” उन्नती म्हणाली.

केसरीनाथ उठला. जुनी कॅलेंडरं तो टाकत नसे, भिंतीवरच्या खिळ्याला एकावर एक टांगलेली असत. त्याने २०१९चं काढलं, ऑक्टोबर उलगडला. सात तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: खंडेनवमी.

तो ते दोनदा वाचून परत येऊन बसला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. शेलार गावातल्या त्याच्या घरी आजा कोयता आणि वल्हं पुजायचा. इथे केसरीनाथ कॅमेरा पुजायचा. कॉम्प्युटरला हार, कॅमेरा पाटावर, त्याची बॅटरी काढून बाजूला ठेवलेली, दोघांना हळदकुंकू. मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या वस्तूला एक दिवस विश्रांती द्यायची, हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. देव मानायचा की नाही यावर तो भांडत बसे, पण हा नियम पाळायचा. त्या दिवशी कुलूपही लावायचं नाही, अर्ध्या शटरखालून कोणीही यावं, नमस्कार करावा, प्रसाद घ्यावा. कुलूप लावून पूजा ठेवणं म्हणजे येणाऱ्यावर संशय घेणं.

“बाकीची वर्षं बघ,” तो म्हणाला.

उन्नतीने पाहिलं. दर ऑक्टोबरात असं एक फोल्डर होतं. २०२१ला चौदा तारीख, २०२२ला चार, २०२३ला तेवीस. स्क्रिप्टला तिथी कळत नाही, तिच्या लेखी या नुसत्या तारखा. केसरीनाथ एकेक कॅलेंडर उलटत गेला. प्रत्येक चौकटीत तेच नाव.

त्याच्या डोक्यातला जुना बातमीदार जागा झाला आणि भांडायला लागला. “कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलं असेल.”

“मग आदल्या दिवसाचे, नंतरच्या दिवसाचे फोटो बरोबर जागी कसे?”

“दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याने काढले असतील.”

“कॅमेऱ्याचा नंबर फोटोत असतो, बाबा. आपलाच आहे.”

“कोणीतरी आत येऊन, आपलाच उचलून—”

उन्नतीने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. २०२२चा फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, समईच्या पायाशी, पाटाच्या कडेवर एक लहानशी काळी चौकोनी वस्तू होती. तिच्यावर कुंकवाचं बोट ओढलेलं.

ती त्या कॅमेऱ्याची बॅटरी होती.

४

खोली प्रत्येक फोटोत रिकामी होती. पण फोल्डर ओळीने उघडत गेल्यावर उन्नतीने जे पाहिलं ते तिने बोलून दाखवलं नाही. बापानेही ते पाहिलंच होतं, हे तिला त्याच्या श्वासावरून कळलं. पहिल्या वर्षी कॅमेरा पाटावर होता. पुढच्या वर्षी फोटो बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून होता. त्यानंतर उभ्या माणसाच्या. गेल्या वर्षीचा फोटो शटरच्या अगदी जवळून होता, खाली वाकून बाहेर डोकावल्यासारखा. गल्लीतला दिव्याचा खांब, उभी रिक्षा, आणि रस्ता.

आणि तरीही प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला तोच झेंडू, जणू पाट बरोबर घेऊन कोणी उठलं होतं.

“२०१९चे अजून आहेत,” उन्नती म्हणाली. “एकच नाही. रांग आहे. बघायचे?”

“बघायचे म्हणजे? त्यासाठीच बसलोय ना!” तो खेकसला.

दुसऱ्या फोटोत शटरखाली पाय होते. पांढरे बूट.

केसरीनाथ पडद्याकडे सरकला. भिवंडीत पांढरे बूट घालून कापसाच्या आणि चिखलाच्या गल्ल्यांतून फिरणारा एकच माणूस त्याला माहीत होता. खाडीच्या गाळात वाढलो म्हणून पाय पांढरेच ठेवणार, असं म्हणणारा. ‘खाडीपट्टा’चा फोटोग्राफर आणि अर्धा मालक, चांगदेव. शाळेपासूनचा मित्र. खुलासा छापायच्या दिवशी केसरीनाथच्या खांद्यावर हात ठेवून “मी आहे ना” म्हणणारा. त्यानंतर महिन्याभरात डोळे अधू झाले म्हणून कॅमेरा कायमचा खाली ठेवणारा, आणि वर्षभरात दापोड्याला ट्रान्सपोर्टचा गाळा काढणारा. कोणत्या ओळखीवर काढला, हे केसरीनाथने कधी विचारलं नव्हतं. जगाला प्रश्न विचारायचा धंदा त्याचा, आणि हा एक प्रश्न त्याने मित्र म्हणून गिळला होता.

तिसऱ्या फोटोत चांगदेव आत होता. पूजेच्या जागी बुटांसकट. चौथ्यात तो पाटासमोर उकिडवा बसलेला, हात पुढे आलेला, बोटांत कुंकू लागलेली बॅटरी. पाचव्यात हात नव्हता. नुसता चेहरा होता. जवळून.

चांगदेव कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. तो कॅमेऱ्याच्या वर बघत होता, कॅमेरा धरून बसलेल्या माणसाचं तोंड जिथे असावं तिथे. पाटाच्या मागे भिंत होती. तिथे माणूस बसायला जागा नव्हती.

“हा चेहरा,” उन्नती म्हणाली आणि पुढच्या फोटोवर गेली.

शेवटचा फोटो जवळजवळ काळा होता. खाली उजेडाची एक सरळ रेघ, तिच्या मधोमध कोणाच्या तरी पायांच्या दोन सावल्या. बंद शटरच्या आतून दिसावं तसं. केसरीनाथ ती रेघ बघत राहिला. डावीकडे जाऊन ती कोपऱ्यात वर वाकत होती.

‘खाडीपट्टा’चं शटर दोन्ही कोपऱ्यांत सरळ होतं. वाकलेलं शटर त्याने आयुष्यात एकच पाहिलं होतं, तेही बाहेरून, आणि बाहेरून जो उजवा कोपरा तोच आतून डावा. आणि सात ऑक्टोबरला ते जळून काळं होऊन उभं होतं, आत राखेशिवाय काही नव्हतं.

५

चांगदेवचा गाळा दापोड्याच्या मुख्य रस्त्यालाच होता. बाहेर कंटेनर रांगेत उभे, आत एसी. केसरीनाथला बघून त्याने दोन्ही हात पसरले.

“आयला, केसऱ्या! वाट चुकलास का काय? ए, दोन चहा सांग रे! साखर घालून, भोईरसाहेब कडू बोलतात म्हणून सगळं गोड लागतं त्यांना.”

केसरीनाथ बसला नाही. “सहा वर्षांपूर्वी खंडेनवमीला तू कचेरीत आला होतास.”

“प्रसादाला दरवर्षी यायचो. तुझ्या बायकोच्या हातचा शिरा कोण सोडतो?”

“बूट घालून आलास.”

चांगदेवचं हसू तोंडावर तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. टेबलावर त्याचा फोन पालथा पडला होता. केसरीनाथचं लक्ष आज पहिल्यांदाच त्याच्या पाठीकडे गेलं. कॅमेऱ्याच्या भिंगावर काळी चिकटपट्टी होती, कडा घाणेरड्या झालेली, बरीच जुनी.

“फोटो सापडले,” केसरीनाथ म्हणाला.

“कुलपाचे?” हा प्रश्न इतक्या लवकर आला की दोघांनाही तो ऐकू आला.

“तुझे.”

मग चांगदेव खाली बघत म्हणाला, “मी कुठं बघतोय त्यात?”

“काय?”

“फोटोत. मी कुठं बघतोय?”

“वर.”

चांगदेवने डोळे मिटले. “मग मला भास न्हवता झाला.”

“चांग्या, दोन माणसं जळली होती. त्यातल्या एकाची बायको सहा वर्षं माझ्या दारात येते. मी तिला सांगतो डिस्क खराब झाली! मी खुलासा छापला! तू माझ्या शेजारी उभा राहून त्या खुलाशाचं शुद्धलेखन तपासलंस! आणि दिवस कुठला निवडलास? ज्या दिवशी मी कुलूप लावत नाही, तो!”

“म्हणून तर निवडला,” चांगदेव म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती, फक्त थकवा होता. “त्या दिवशी तू हात लावणार नाहीस, मला माहीत होता. बॅटरी घातली, कार्ड पुसला, कॉम्प्युटर पुसला, बॅटरी काढली, जागेवर ठेवली. दोन मिनटांचा काम. उठलो, आणि मागनं खट् झाला. बॅटरी पाटावर, आणि कॅमेरा खट्. मी वळलो, हीच चूक केली.” त्याने फोन उचलला, उलटा केला, पुन्हा पालथा ठेवला. “केसऱ्या, ते फोल्डर उडव. तुझ्या पाया पडतो. दरवर्षी तो पुढं येतो.”

“कोण?”

“तू बघितलास ना ते? मग मला काय विचारतोस?”

“मी कोर्टात देणार ते. सगळंच्या सगळं.”

चांगदेव उठून दारापर्यंत आला. निरोप द्यायला आल्यासारखा, जुन्या सवयीने. “या वर्षी पूजेला येईन मी,” तो म्हणाला. “बोलव, नको बोलवू. येईन.”

६

रुचिकाच्या वकिलाने फोनवर बजावलं होतं, डिस्क आहे तशी हवी. एक फाइल कमी नको, एक बदललेली नको. एखादं फोल्डर रिकामं केलेलं दिसलं तर समोरची बाजू सगळ्यावरच बोट ठेवेल. केसरीनाथने डिस्क टेबलाच्या खणात ठेवली. खंडेनवमीला सकाळी उन्नतीने पाटाभोवती रांगोळी काढली, कॅमेऱ्याला झेंडूचा हार घातला, बॅटरीला कुंकू लावलं.

“बाबा, या वर्षी कुलूप लावूया का?”

“नाही.”

“तो काका येणार म्हणाला ना?”

“येऊ दे.”

दुपारी त्याने तिला घरी पाठवलं, समईत तेल घातलं, शटर अर्ध्यावर ठेवलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. आपण इथे कशासाठी बसलोय, हे त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. खिशात शटरचं कुलूप होतं, आणि त्याने ते कशाला बरोबर घेतलं हेही त्याने स्वतःला विचारलं नाही.

पांढरे बूट आले. शटरपाशी थांबले. गल्लीत इकडेतिकडे वळले. मग चांगदेव वाकला आणि आत गेला. हातात झेंडूची माळ होती, तेवढीच लाज त्याने ठेवली होती.

खण ओढल्याचा आवाज लूमच्या खडखडाटात ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी केसरीनाथने तो ऐकला. ग्लास ठेवला, रस्ता ओलांडला, दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं आणि कुलूप लावलं.

“ए! ए, कोण हाय? केसऱ्या?”

केसरीनाथ किल्ली खिशात टाकून तिथेच उभा राहिला.

“केसऱ्या, मस्करी नको करू. उघड! च्यायला, समई हाय इथं, उघड!”

पत्र्यावर मुठी बसायला लागल्या. गल्लीतून एक हातगाडीवाला गेला, त्याने मान वळवली नाही. शेजारच्या लूमवरचा कामगार बाहेर येऊन तंबाखू थुंकला आणि आत गेला. इतक्या आवाजात कोणाचं काय ऐकू येतंय? दापोड्यालाही असंच झालं असणार. आत माणूस पत्रा बडवतोय आणि बाहेर ट्रक मागे घेतोय.

घे, केसरीनाथ मनात म्हणाला. घे अंदाज. तेवढाच.

मुठी थांबल्या. शिव्या थांबल्या. मग चांगदेव आत कोणाशीतरी बोलायला लागला, खालच्या आवाजात, अजिजीने, आणि ते बोलणं केसरीनाथशी नव्हतं. “मी न्हाय लावला,” एवढेच शब्द कळले. “कुलूप मी न्हाय लावला. मी फक्त पुसला.”

केसरीनाथने तळहात पत्र्यावर ठेवला. पत्रा गरम होता. ऑक्टोबरचं ऊन, त्याने स्वतःला सांगितलं. मग तळहाताला ते जाणवलं. कानाला नव्हे, हाताला. खट्. थोड्या वेळाने पुन्हा, खट्. अगदी पत्र्यापाशी, खाली, त्याच्या पायांच्या उंचीवर.

त्याने कुलूप काढलं आणि शटर वर लोटलं.

चांगदेव टेबलाखाली अंग चोरून बसला होता, दोन्ही हातांनी डोळे झाकून. डिस्क त्याच्या मांडीवर होती. कॅमेरा पाटावर होता, बॅटरी बाजूला, समई शांत. झेंडूची एक पाकळी हललेली नव्हती. केसरीनाथने डिस्क उचलली. चांगदेव उठला आणि त्याच्याकडे न बघता शटरखालून वाकून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, “तू पण आलास त्याच्यात.”

७

दसऱ्याला उन्नती आपट्याची पानं घेऊन आली. पूजा उतरवली, बॅटरी चार्जिंगला आपल्या पिशवीत टाकली, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. कार्डात उरलेलंही सगळं डिस्कवर उतरवून द्या, असं वकील म्हणाला होता. रुचिका दुपारी डिस्क न्यायला येणार होती.

स्क्रिप्ट चालू झाली. ओळी सरकल्या. ऑक्टोबरात कालच्या तारखेचं फोल्डर तयार झालं.

एकच फोटो होता त्यात. काळा. खाली उजेडाची रेघ, डाव्या कोपऱ्यात वर वाकलेली.

केसरीनाथने मान वळवून आपलं शटर पाहिलं. खालची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती.

या वेळी पायांच्या नुसत्या सावल्या नव्हत्या. कॅमेरा रेघेच्या इतका जवळ होता की पलीकडचे पाय नीट दिसत होते. आतल्या माणसाने गाल जमिनीला टेकवून, श्वास घ्यायला फट शोधताना बघावं तसे. बाहेर कोणीतरी शांत उभं होतं. त्याला कसलीच घाई नव्हती. उजव्या चपलेचा अंगठा हिरव्या धाग्याने शिवलेला होता.

“बाबा,” उन्नती म्हणाली. “तुम्ही काल काय केलं?”

“अंदाज दिला त्याला. पाच मिनटं. आग नव्हती, काही नव्हतं! मी उघडलं की!”

“मी विचारलं, काय केलं?”

उत्तर द्यायला त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की फोटोत उत्तर आहे. सहा वर्षं तो याच फोटोच्या मागे होता. माणूस आत, कुलूप बाहेर. फोटो सापडला होता, आणि कोर्टात ज्याला कोणाला दाखवला जाईल तो पहिल्यांदा चपला बघेल. समोरच्या वकिलाला तेवढं पुरे होतं. सगळी डिस्क खोटी, सगळी केस बनावट, भोईरने स्वतःच केलेलं नाटक. पुन्हा खुलासा.

“हा एकच काढून टाकू,” तो म्हणाला. “बाकी सगळं राहील. चांग्याचा चेहरा राहील. तिच्या कामाचं सगळं राहील.”

“वकिलाने सांगितलंय—”

“एका फोटोने काय होतं!”

उन्नती त्याच्याकडे बघत राहिली. तिने हे डोळे त्याच्याकडूनच घेतले होते. याच डोळ्यांनी त्याने आयुष्यभर टेबलापलीकडच्या साहेबांना बघितलं होतं.

“चांगदेवकाका पण स्वतःला हेच बोलले असतील,” ती म्हणाली, लॅपटॉप बापाकडे सरकवला आणि खुर्चीवरून उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. “मी हात लावणार नाही.”

त्याने लावला. फोटो निवडला. बोट बटणावर आलं.

तेवढ्यात शटरखाली पाय आले. रबरी चपला, टाचांना भेगा, निळ्या साडीचा काठ. सणाचा म्हणून आज तो धुतलेला होता.

“दादा? हाव का आत?”

आणि मागे, जिथे पाट होता तिथे, बॅटरी नसलेला कॅमेरा म्हणाला, खट्.

उन्नतीने मान वळवली, आणि तिचे डोळे कॅमेऱ्यापाशी न थांबता हळूहळू वर गेले. केसरीनाथने मागे पाहिलं नाही. बोटही उचललं नाही.

“दादा,” रुचिका बाहेरून हसत म्हणाली, “तुमचा शटर वाकला वाटतं कोपऱ्यात. कधी धडक बसली?”